वैशालीचं बोलणं तुम्ही ऐकलंत

मामी, भांडण अर्धवट टाकून जायची तुमची सवय नव्हती. बांधावरून चुलत दिराशी पेटलेलं भांडण तुम्ही किती पावसाळे चालवलंत, आणि तुमचंच खरं ठरल्यावर त्याच दिराला घरी बोलावून जेवू घातलंत. माझ्याशी मात्र एक भांडण होतं ते तसंच ठेवून गेलात. कोर्टातून तुमच्या गावी परतताना आमगावच्या स्टेशनवर आपण त्यावर बोललो, ते शेवटचं. नंतर तुम्ही विषय काढला नाहीत, मीही काढला नाही. आता तुम्हाला जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि मी इथे गोंदियाला बसून तुमच्या एकेका वाक्याला उत्तर जुळवतोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आता कायले बोलून राहिले जी? तवा तर तोंड शिवून बसले होते."

खरं सांगायचं तर वैशाली होती तोवर तुमची-माझी ओळखच नव्हती. मी तुमचा जवाई, एवढंच. घरी आलो की तुमचा पदर डोक्यावर यायचा आणि तुम्ही दाराआडून लेकीला सांगायच्या, "जवायाले पानी दे. जवायाले इचार, भाकर खातेत का भात." मी समोर बसलेला असायचो आणि तरी सगळं वैशालीमार्फत चालायचं. ती हसायची. "तुमी दोघं फोनवर बोलत जा ना, मी मधात तार होऊन थकली," म्हणायची. तशी वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं!

ती कोहमाऱ्याच्या पुढे महामार्गावरच्या एका हॉटेलात काउंटर सांभाळायची. हॉटेलला माल पुरवणारा एक माणूस तिच्या मागे लागला होता. तासन् तास काउंटरपाशी उभा राहायचा, निघताना बसस्टॉपपर्यंत यायचा. तिने मालकाला सांगितलं, एकदा नाही, बऱ्याचदा. मालक म्हणायचा, रोजचा माणूस आहे, सांभाळून घे. मी म्हणालो, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "मी काऊन सोडू? मी काय केलं?" ते तुमच्याकडून आलं होतं तिच्यात, हे मला फार नंतर कळलं. एका दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, काउंटरमागच्या खोलीत त्या माणसाने तिला मारून टाकलं. स्वयंपाकघरातल्या लोकांनी त्याला तिथेच धरलं. त्याला जन्मठेप झाली.

गावातले लोक म्हणाले, झाला न्याय. तुम्ही म्हणालात, "त्याले झाली सजा. मालकाचं काय? माह्या पोरीनं त्याले सांगतलं होतं ना?"

मालकावर दिवाणी दावा लावायचा, ही कल्पना पूर्णपणे तुमची होती. मी थकलो होतो. मला घरात बसून राहायचं होतं. तुम्ही सकाळच्या गाडीने गोंदियाला आलात, कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिलात, आणि पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात. "चला जी. वकील पाहू." विद्यार्थी माना वर करून पाहत होते. त्या दिवशी तुमच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर सरकला होता आणि तुम्ही तो सावरला नाहीत.

वकीलबाई चांगल्या मिळाल्या. गोंदियाच्याच, अर्धं बोलणं हिंदीत. त्यांनी विचारलं, "मामीजी, आपको क्या चाहिए? भरपाई?" तुम्ही म्हणालात, "मले कागदावर पायजे का त्याची चुकी होती." त्यांनी दाव्यात भरपाई मागितली, कारण कायद्याने तसंच मागावं लागतं. पण तुम्ही शेवटपर्यंत त्याला कागदाचीच केस म्हणत राहिलात. कागदावर वादी क्रमांक एक तुम्ही, वादी क्रमांक दोन मी.

मालकाचं लेखी उत्तर आलं तेव्हा वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं. वैशालीने कधी तक्रार केलीच नाही, आणि जे झालं ते त्या दोघांच्या आपसातल्या संबंधातून झालं, असं त्यात होतं. तुम्ही दोनदा विचारलंत, "आपसातलं म्हन्जे?" आम्हा दोघांपैकी कुणीच सांगेना तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही उठून बाहेर गेलात आणि कोर्टाच्या आवारातल्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिलात. मी मागे आलो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता विचारतील, जवाई, तुमच्या मनात तर काही आलं नाही ना. पुढच्या सगळ्या तारखांना तो प्रश्न पोलीस, वकील, नातलग या ना त्या रीतीने मला विचारत राहिले. तुम्ही कधीच विचारला नाहीत. त्या दिवशी पदराने तोंड पुसून तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याले आपन आपसातलं दाखवू." त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. माझ्या मनात तसलं कधी आलंच नव्हतं, आणि ते तुम्ही न विचारता धरून चालला होतात. मला तेवढ्यावर जगता आलं.

मग फोन निघाला.

वैशालीचा फोन पोलिसांनी घेतला होता, प्रयोगशाळेत गेला होता. फौजदारी खटल्यात त्याची गरज पडली नाही, माणूस डोळ्यांदेखत पकडलेला होता. आपल्या दाव्यासाठी वकीलबाईंनी अहवाल मागवला, तेव्हा कळलं की त्या दुपारी ती तुम्हाला पाठवायला आवाजी निरोप बोलत होती. बोलता बोलता तो माणूस खोलीत आला. निरोप पाठवायचा राहिला आणि फोन पुढचं सगळं नोंदवत राहिला. वकीलबाईंनी ते ऐकलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, त्यात ती मालकाला हाका मारते, आधी सांगितल्याचंही बोलते. मालकाला माहीत होतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कशाने सिद्ध होणार नाही.

तुम्हाला त्यातलं एकच ऐकू आलं. "माह्यासाठी होतं ते?"

"हां, मामीजी. शुरुआत में 'आई' बोलती है."

"मंग ते माहं हाय. द्या मले."

वकीलबाईंनी समजावलं की तो आता पुरावा आहे, कोर्टाच्या ताब्यात आहे. तुम्हाला ते पटलं नाही, शेवटपर्यंत पटलं नाही. "पोरीनं मायले सांगतलेली गोष्ट कोर्टाची कशी होते?"

मला ती ध्वनिफीत कोर्टात यायलाच नको होती. तुम्ही माझ्यावर चिडलात, म्हणालात, जवायाले केस हाराची हाय. मी तुम्हाला तेव्हा एक गोष्ट सांगितली नव्हती. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, "भैया, वो ऑडियो है क्या आपके पास? सुना है पूरा रिकॉर्ड हुआ है." त्याच्या तोंडात पान होतं. मी कप तसाच ठेवून निघालो. मला तेव्हापासून दिसायचं की बसमध्ये, पानठेल्यावर, कुणाच्या तरी हातातल्या फोनमधून ती बोलते आहे. दावा हरलो तर हरू, पण ती अशी लोकांच्या हातात जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही त्या टपरीवर जाऊन त्या माणसाला शोधलं असतंत, याची मला खात्री होती. म्हणून नाही सांगितलं.

मालकाच्या वकिलाने अर्ज केला की ध्वनिफीत भर कोर्टात वाजवावी आणि फोनमधले बाकीचे सगळे निरोप, फोटो, बोलणी उघडावीत. त्यामागचा हेतू न कळण्याइतके आपण भोळे नव्हतो. न्यायाधीशसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि आदेश दिला. ध्वनिफीत दाव्यासाठी लागते, म्हणून ती पुराव्यात येईल, पण सुनावणी इन-कॅमेरा होईल. प्रती कुणालाही मिळणार नाहीत. वकिलांनी लेखी उतारा कोर्टात बसून वाचायचा, उतरवून घ्यायचा नाही. फोनमधल्या बाकी कशाचाही या दाव्याशी संबंध नाही, ते उघडलं जाणार नाही. ते ऐकून मी बाकाला पाठ टेकली. तुम्ही मात्र माझ्या बाहीला हात न लावता, फक्त जवळ वाकून विचारलंत, "इन-कॅमेरा म्हन्जे आपले फोटू काढतेत का जी?"

मला हसू आलं, मामी. तिच्यानंतर कोर्टात पहिल्यांदाच. मी म्हणालो, नाही, उलटं. दार बंद करून ऐकतात, बाहेरचं कुणी नाही. तुम्ही म्हणालात, "मंग दारबंद म्हनाचं ना. कॅमेरा कायले म्हनाचं?" पुढच्या बाकावरचा शिपाईही हसला.

तुमची उलटतपासणीही दारबंदच झाली. त्या वकिलाने आवाज मऊ ठेवून विचारलं, तुमची मुलगी त्या माणसाशी बोलत होती, हे खरं आहे का. तुम्ही म्हणालात, "काउंटरवर बसून मुकी राहाची का? मानसाशी बोलाचं कामच होतं तिचं." तो म्हणाला, हसून बोलायची, असं कर्मचारी सांगतात. तुम्ही म्हणालात, "माही पोरगी सगळ्यायशीच हसून बोले. तुमच्याशीही बोलली असती." त्याने पुढचा कागद उलटला. नंतर जिन्यात मी म्हणालो की फार छान बोललात. तुम्ही चिडून म्हणालात, "छान कायचं? पोरीच्या हसन्याची झडती घेऊन राहिले."

आणि मग आवाज ओळखायचा दिवस. मला वाटलं होतं, साहेब सगळंच वाजवतील आणि तुम्हाला विचारतील. रात्रभर मी त्याच धसक्यात होतो. पण साहेबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आवाज ओळखण्यापुरता सुरुवातीचा भाग वेगळा काढून घेतला होता, तो माणूस खोलीत येण्याआधीचा. त्यांच्या दालनात आपण दोघं, दोन्ही वकील, टंकलेखक आणि संगणक चालवणारा एक कर्मचारी, एवढेच. मालकाला बाहेर थांबायला सांगितलं होतं. टेबलावर छोटासा स्पीकर. साहेब म्हणाले, "बाई, घाबरू नका. यात वाईट काही नाही. ऐका, आणि आवाज कुणाचा ते सांगा."

ती बोलायला लागली. मामी, मी तो आवाज विसरलो होतो. चेहरा रोज पाहत होतो फोटोत, आवाज मात्र पुसट झाला होता, आणि तो एकदम खोलीत आला, थोडा घाईचा, मागे भांड्यांचा खणखणाट.

"आई, अवो, तू मागच्या डावाले भेंडीचं बी देल्लं होतं ना, ते उगवलंच नाही बघ. दुसरं ठेवजो माह्यासाठी. अन् लाखोळीची डाळ ठेवजो, आमच्याइथली सरली. हे तर काही सांगत नाहीत, पन त्यायले तुह्याच हातची आवडते. आयकून राहिली ना?"

आणि तुम्ही म्हणालात, "आयकून राहिली माय. बोल."

इतक्या सहज म्हणालात, जसं ती मधल्या खोलीतून ओरडून विचारतेय. टंकलेखकाची बोटं थांबली. त्याने साहेबांकडे पाहिलं, हे लिहायचं का म्हणून. स्पीकर गप्प झाला होता, कापलेला भाग तिथेच संपत होता. तुम्ही स्पीकरकडे वाकलात. "पुढं? बोलत काऊन नाही?"

साहेबांनी कर्मचाऱ्याला स्पीकर बंद करायची खूण केली. मग म्हणाले, "आज एवढंच आहे, बाई. आवाज कुणाचा?" तुम्ही म्हणालात, "माह्या वैशीचा. आनखी कोनाचा राहीन?" त्यांनी लिहायला सांगितलं की साक्षीदाराने आवाज आपल्या मुलीचा असल्याचं ओळखलं. समोरच्या वकिलाला विचारलं, काही प्रश्न? त्याच्या हातात लिहून आणलेले प्रश्न होते. तो म्हणाला, नाही.

मग साहेबांनी आपल्या दोघांना सांगितलं की उरलेला भाग त्यांनी स्वतः ऐकला आहे आणि निकालासाठी तेवढं पुरे आहे. तुम्ही वादी आहात, ऐकायचा हक्क तुम्हाला आहे. ऐकायचं असेल तर पुढच्या तारखेला इथेच, एक डॉक्टरबाई सोबत असतील. "पण ऐकलंच पाहिजे असं नाही. घरी जाऊन विचार करा."

आपण घरी पोचायच्या आधीच भांडलो. गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. आमगावला उतरल्यावर मी म्हणालो, "मामी, ते ऐकू नका. आज ऐकली तशीच तिला ठेवा."

तुम्ही पिशवी बाकावर ठेवली. "पोलिसायनं आयकलं?"

"ऐकलं."

"तपासनाऱ्यानं? साहेबानं? आपल्या बाईनं?"

"हो."

"त्या मालकाच्या वकिलानं?"

"हो, मामी."

"मंग साऱ्या परक्यायनं आयकलं. जिच्यासाठी बोलून राहिली होती तिनंच नोको आयकू? तिथं घरचं कोनी नव्हतं, जवाई. एकटीच गेली ते. आता तरी घरचं कोनी राहू द्या तिच्यापाशी."

मी म्हणालो, "ऐकून ती परत येणार आहे का?" तुम्ही म्हणालात, "मी कदी म्हटलं येते म्हनून?" आणि पिशवी उचलून ऑटोकडे चालू लागलात. मी मागून ओरडलो, तुम्हाला ते सोसायचं नाही. तुम्ही वळला नाहीत. स्टेशनवरचे लोक बघत होते. आपलं बोलणं तिथे तुटलं.

पुढच्या तारखेला तुम्ही आत गेलात. मलाही हक्क होता. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. दार लागलं तेव्हा डॉक्टरबाईंचा हात तुमच्या पाठीवर होता, एवढं दिसलं. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी जमिनीच्या वादावरून दोन भाऊ भांडत होते आणि मी त्यांचं भांडण कान देऊन ऐकत होतो, आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून. आतून तसं काही येतच नव्हतं. तुम्ही रडल्याचंही ऐकू आलं नाही.

दार उघडलं. तुमच्या डोक्यावर पदर नीट घेतलेला होता. मला म्हणालात, "चहा घेतला का तुमी?" मी नाही म्हणालो. जिना उतरताना तुम्ही माझं मनगट धरलंत. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, सासूने जवायाला लावायचा नसतो. खाली आल्यावरही सोडलं नाहीत. आपण तसेच फाटकापर्यंत चालत गेलो, वकीलबाई मागून येत होत्या.

त्यानंतर तुम्ही बोलायच्या कमी झालात. शेजारीण सांगायची, धानाच्या रोवणीला येतात पण गाणं धरत नाहीत. मी दर रविवारी यायला लागलो. जेवण वाढून तुम्ही आत जात नव्हता आता, समोरच बसायच्या. एकदा अंगणात तुम्ही सुपात लाखोळीची डाळ निवडत होतात, मी खाटेवर पेपर वाचत होतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जवाई, भेली नव्हती ते."

मी पेपर खाली ठेवला. तुम्ही डाळ निवडत राहिलात. एक खडा काढून बाजूला टाकलात.

हे खरं होतं का, मामी? की माझ्यासाठी निवडून काढलंत, खडे तुमच्याकडे ठेवून? मी एकदा वकीलबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मुझसे मत पूछिए," म्हणाल्या. त्यांना सांगता येत नव्हतं हे मला कळतं, तरी त्यांच्या आवाजावरून मी कितीतरी दिवस अर्थ काढत बसलो. कधी वाटतं, ती खरंच घाबरली नसेल. मी काऊन सोडू म्हणणारी बाई होती ती. कधी वाटतं, तुम्ही सगळं ऐकलंत आणि त्यातून मला जेवढं पेलेल तेवढंच एक वाक्य दिलंत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्या वाक्यानंतर मला झोप लागू लागली. हे तुम्हाला सांगायचं होतं. दर रविवारी यायचो आणि डाळ-भात खाऊन परत जायचो, सांगायचं राहूनच गेलं.

निकाल लागला त्या दिवशी वकीलबाईंनी शेवटचा भाग वाचून दाखवला. वैशाली हिने वेळोवेळी मदत मागितली होती व प्रतिवादीला त्याची माहिती होती हे सिद्ध होते. ध्वनिमुद्रणातील मजकूर या निकालपत्रात देण्याची आवश्यकता नाही. तुम्ही विचारलंत, "म्हन्जे चुकी त्याची होती, असं लिवलं ना?" मी म्हणालो, लिहिलं. "आपसातलं नाही लिवलं?" नाही लिहिलं. "मंग झालं," म्हणालात, आणि वकीलबाईंच्या टेबलावर आपला डबा उघडलात. त्यांनी नको नको म्हणत भाकर खाल्ली.

त्यानंतर तुम्ही माझ्या लग्नाच्या मागे लागलात. तिरोड्याकडच्या एका मुलीची माहिती काढून आणलीत, ती अंगणवाडीत आहे, स्वभावाने शांत आहे. मी चिडलो. तुम्ही म्हणालात, "माह्यासाठी नोका थांबू. मी काही पुरनारी नाही तुमाले." मी म्हणालो, या वयात मला कोण करणार. तुम्ही म्हणालात, "आरसा नाही का घरी? पाहा कदी." शेजारीणसुद्धा हसली. हे भांडणही राहिलं. त्यात तुम्ही जिंकला असतात का, मला सांगता येत नाही.

धान घरात आलं आणि तुम्ही पडलात. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावलेली असताना तुम्ही परिचारिकेला माझ्याकडे बोट दाखवून विचारत होतात, यायनं जेवण केलं का. ते तुमचं शेवटचं बोलणं. मी तिथे होतो, मामी. घरचा माणूस होतो. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितोय.

काल कोर्टात बोलावलं होतं. मालकाने अपील केलं नाही, मुदत संपली, आता ती ध्वनिफीत आणि उतारा पक्षकारांसमोर पुन्हा मोहोरबंद करून अभिलेख कक्षात पाठवायचा होता. तुम्ही असतात तर मला सकाळच्या गाडीपासून घाई केली असतीत. एका मेजावर जाड लिफाफा होता. कर्मचारी बाई साध्याशा, समजूतदार होत्या. म्हणाल्या, "एकदा लाख लागली की वरच्या आदेशाशिवाय निघत नाही. ऐकायचं राहिलं असेल तर आजच साहेबांना अर्ज द्या, मी थांबते."

मी लिफाफ्याकडे पाहत उभा राहिलो. त्यात तिचं, तुमचं, सगळं होतं. हात पुढे केला असता तर तुमचं ते एक वाक्य खरं की खोटं, हे दुपारपर्यंत कळलं असतं. आणि तुम्ही बाहेर बाकावर नव्हता, जिना उतरताना धरायला मनगट नव्हतं. पण खरं सांगू, मी हात पुढे केला नाही तो तेवढ्यासाठी नाही. तुम्ही म्हणालात ती भेली नव्हती. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. स्टेशनवर मी तुम्हाला ऐकू नका म्हणालो होतो, ते चूक होतं की बरोबर, मी अजून ठरवू शकलेलो नाही. एवढं मात्र कळलं की तुम्ही ऐकलंत म्हणूनच मला न ऐकता परत जाता येत होतं.

"नाही," मी म्हणालो. "लावा."

त्यांनी मेणबत्तीवर लाख धरली. वितळलेला थेंब पडला, त्यावर शिक्का दाबला. मग नोंदीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"वादी क्रमांक एक?"

तुमचं नाव टंकलेलं होतं, पंचफुलाबाई, आणि पुढे सहीसाठी रेघ. मी सांगितलं. त्यांनी रेघेवर "मयत" असं लिहिलं. निळ्या शाईत, सुवाच्य. तुमच्या नावापुढे तो शब्द मी पहिल्यांदाच पाहिला.

"वादी क्रमांक दोन तुम्ही. त्यांचे कोण?"

"जवाई."

त्यांची नजर कागदावर वर गेली, जिथे वैशालीचं नाव होतं. त्या थोड्या अडखळल्या. "म्हणजे... मुलगी तर आधीच..."

"हो," मी म्हणालो. "तरी जवाईच लिहा."

त्यांनी लिहिलं, आणि मी खाली सही केली.